पेन दुसऱ्याचं, कोरीव काम तुमचं: लेझर कामाचे नमुने तयार करताना

लेझर यंत्र आलं, सपाट लाकडावर हात बसला, आता हाताने घडवलेल्या पेनांवर नावं आणि नक्षी कोरून द्यायचं काम सुरू करायचंय. गिऱ्हाईक पहिली गोष्ट मागतं ती म्हणजे नमुना. पण लेथवर पेन घडवणं हा स्वतंत्र हुन्नर आहे आणि तो शिकायला वेळ लागतो. त्यामुळे नमुन्यासाठी पेन दुसऱ्या कारागिराकडून घ्यावं लागतं.

यात कमीपणा काही नाही. घडवणारा एक आणि सजवणारा दुसरा ही पेनांच्या व्यवसायातली जुनी वाट आहे. १९३० साली लंडनची डनहिल आणि जपानची पेनं बनवणारी नामिकी या कंपन्यांचा करार झाला. त्यातून जी माकी-ए पेनं बाहेर पडली त्यांच्यावर कंपनीचं नाव असे, आणि लाखेवर सोन्याच्या भुकटीने नक्षी काढणाऱ्या कलावंताची सहीही असे. एकाच पेनवर दोघांची नावं सुखाने नांदू शकतात याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे. यंत्राची सेटिंग्ज महत्त्वाची आहेतच, पण नमुना-पेनच्या बाबतीत दोन गोष्टी त्यांच्याही आधी येतात. तुमचं कोरीव काम जिथे दिसेल तिथे पेन घडवणाऱ्याचं नावही दिसलं पाहिजे. आणि कोरल्यावर ते पेन त्या कारागिराला स्वतःच्या टेबलावर अभिमानाने मांडावंसं वाटलं पाहिजे.

पहिली पायरी: आधी विचारा, मग घ्या

बरेच नवखे लोक पेन विकत घेतात, कोरतात, फोटो टाकतात आणि कारागिराला त्याची खबर परस्पर लागते. विकत घेतलेली वस्तू तुमची असते, तिच्यावर काय करायचं हे तुम्ही ठरवू शकता, हे बहुतेक ठिकाणी खरंच आहे. पण ते पेन तुम्ही तुमच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरता तेव्हा प्रश्न नुसत्या मालकीचा राहत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ साली रोममध्ये ६ बिस हे कलम आलं. त्यानुसार कृतीवर आपलं नाव असावं आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाध आणू नये, हे दोन हक्क कर्त्याकडे राहतात. हातचं पेन ‘कलाकृती’ या व्याख्येत बसतं का, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. पण ही दोन तत्त्वं कायद्याने बांधलेली नसली तरी पाळण्यासारखी आहेत. कारागिराला त्याच दोन गोष्टींची काळजी असते: माझं नाव जाईल का, आणि माझं काम बिघडलेलं लोक बघतील का.

म्हणून पेन मागवण्याआधीच निरोप पाठवा. लांबलचक नको, पण सगळे मुद्दे त्यात यायला हवेत. साधारण असा:

“नमस्कार. मी लेझरने कोरीव काम करतो. आपण घडवलेल्या पेनांपैकी दोन पेनं पूर्ण किमतीला विकत घेऊन त्यांच्यावर माझ्या कामाचे नमुने तयार करण्याचा विचार आहे. कोरण्याआधी नक्षीचा आराखडा आपल्याला दाखवीन. फोटो जिथे वापरीन तिथे पेन घडवणारे म्हणून आपलं नाव, आपण सांगाल तसं, देईन. पेनबद्दलची चौकशी आपल्याकडे पाठवीन. कोरताना पेन खराब झालं तर नुकसान माझं आणि त्या पेनचा फोटो कुठेही जाणार नाही. आपली हरकत असेल तर तसं मोकळेपणाने कळवावं.”

यातलं ‘पूर्ण किमतीला’ हे वाक्य काढू नका. “फुकट द्या, तुमची प्रसिद्धी होईल” असं म्हणणाऱ्यांचा कारागिरांना पुरेसा अनुभव असतो. पुढे ओळख वाढली, दोघांनाही फायदा दिसू लागला, की देवाणघेवाणीचं ठरवता येतं. सुरुवात मात्र पैसे मोजून करावी.

होकार आला तर तो लेखी ठेवा. नकार आला तर आभार मानून दुसऱ्याला विचारा. काही कारागीर आपल्या पेनवर दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. त्यांच्या कामाच्या बाबतीत तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

याच पत्रव्यवहारात आणखी एक गोष्ट विचारून घ्या, ती पुढे फार उपयोगी पडते. पेन जोडण्याआधीच बॅरल, म्हणजे पेनचा नळीसारखा मुख्य भाग, सुटं मिळेल का? पितळी नळीवर बसवलेल्या, किटच्या (म्हणजे तयार सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या) पेनांचे भाग दाबून बसवलेले असतात. ते नंतर सोडवताना बॅरलला तडा जाण्याची भीती असते. कारागिराने पॉलिश केलेलं सुटं बॅरल पाठवलं, तुम्ही कोरून परत दिलं आणि जोडणी त्याने केली, तर धोका कमी होतो. शिवाय शेवटचा हात त्याचाच फिरतो.

दुसरी पायरी: पेन कशाचं आहे ते नक्की करा

अंदाजावर कधीही लेझर चालवू नका. कारागिराला स्पष्ट विचारा: मूळ साहित्य कोणतं आणि वरचा थर कोणता. दोन्ही उत्तरं हवीत, कारण लेझरची पहिली गाठ वरच्या थराशी पडते.

लाकूड सगळ्यात सोपं. मेपलसारख्या फिकट, बारीक पोताच्या लाकडावर जळकी तपकिरी रेघ उठून दिसते. एबनीसारख्या काळ्या लाकडावर अक्षर फक्त उजेडाच्या कोनातून दिसतं, तिथे रंग भरावा लागतो. ठळक रेषांच्या, मऊ-कठीण पट्ट्यांच्या लाकडात मऊ भाग खोल जळतो आणि कठीण भाग उथळ राहतो. त्यावर बारीक अक्षरं घेऊ नयेत. राळ मुरवून पक्कं केलेलं लाकूड साध्या लाकडापेक्षा वेगळं वागतं. ते लाकूडच समजून सेटिंग लावलं तर कडा चिकट आणि काळ्या होतात.

पेनांवर सायनोअॅक्रिलेटचा, म्हणजे पातळ इन्स्टंट गोंदाचे थर देऊन केलेला चकचकीत लेप फार वेळा असतो. तो लेझरने जळताना निघणारा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. अॅक्रिलिकचं पेन असेल तर कोरलेली जागा धुरकट, मॅट होते. ओतीव अॅक्रिलिकवर ती पांढरट उमटते. पॉलिएस्टर आणि युरेथेन राळेच्या रंगीत पेनांवर नुसतं कोरल्याने फरक कमी दिसतो, म्हणून रंग भरायची तयारी ठेवा आणि धूर बाहेर नेण्याची व्यवस्था दुप्पट चोख ठेवा.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. त्यावर कोरता येतं, पण गंधकाचा उग्र दर्प सुटतो आणि तो बंद खोलीत सहन करण्यासारखा नसतो. अंगठ्याने बॅरल जोरात घासून वास घेतलात तर रबर-गंधकाचा वास येतो, ही एबोनाइटची जुनी ओळख.

आता ज्यांना लेझर अजिबात दाखवायचा नाही ते. सेल्युलॉइड हे पहिलं. जुनी आणि काही नवी देखणी पेनं सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची असतात. ते झपाट्याने पेटतं आणि एकदा पेटलं की विझवणं अवघड जातं. घासल्यावर कापराचा वास आला तर पेन बाजूला ठेवा आणि चौकशी करा, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. दुसरं पीव्हीसी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांनाही वाईट आणि यंत्राच्या आरशांना, रुळांनाही. कारागिरालाच साहित्याची खात्री नसेल, उदाहरणार्थ ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन घडवतात तो ठोकळा, कुठल्या तरी जुन्या साठ्यातून आलेला असेल, तर ते पेन नमुन्यासाठी घेऊ नका.

तिसरी पायरी: आपलं यंत्र काय करू शकतं

निळा डायोड लेझर साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. लाकूड, गडद अॅक्रिलिक आणि एबोनाइटवर तो चालतो, पण पारदर्शक अॅक्रिलिकमधून आरपार जातो. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे १०,६०० नॅनोमीटर. तो कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये विकसित केला, आणि लाकूड, अॅक्रिलिक, राळ यांच्यासाठी आजही त्याच्या तोडीचा सर्वसाधारण पर्याय नाही. उघड्या धातूवर मात्र तो खूण उमटवत नाही. क्लिप, टोपणाची धातूची पट्टी किंवा धातूचं बॅरल कोरायचं तर १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझर लागतो. अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमचा रंग मात्र तिन्ही प्रकारांनी उडवता येतो.

चष्म्याबद्दल दोन शब्द. १०.६ मायक्रोमीटरचा किरण साध्या पारदर्शक प्लास्टिकने अडतो. १०६४ नॅनोमीटरचा अडत नाही, दिसतही नाही, आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. चष्म्यावर छापलेली तरंगलांबी तुमच्या यंत्राच्या तरंगलांबीशी जुळते का, हे वाचूनच तो घाला. पेनच्या गोल, चकचकीत आणि मुलामा दिलेल्या भागांवरून किरण कुठल्याही दिशेला उसळू शकतो, त्यामुळे सपाट फळीपेक्षा पेनवर काम करताना ही काळजी जास्त हवी. धातूची पट्टी कामाच्या जागेजवळ असेल तर ती मास्किंग टेपने झाका.

चौथी पायरी: अक्षर कुठे बसणार

नमुना पाहणारा आधी पेन बघतो, मग अक्षर. म्हणून जागेचा विचार पेन हातात धरून करा.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हातात निब डावीकडे असते आणि शेपूट उजवीकडे. त्याला लिहितानाच नाव सुलट वाचता यायला हवं असेल तर मजकूर निबेकडून सुरू होऊन शेपटीकडे जायला हवा. डावखुऱ्यासाठी बरोबर उलट. नमुन्यात दोन्ही पद्धती दाखवल्यात तर गिऱ्हाइकाला हा प्रश्न आपोआप सुचतो आणि पुढची चुकामूक टळते.

फिरवून उघडायच्या बॉलपेनमध्ये वरचा आणि खालचा भाग एकमेकांच्या संदर्भात फिरतो. दोन्ही भागांवर पसरलेली नक्षी पेन बंद असताना जुळली तरी उघडल्यावर तुटते. ती एकाच भागावर ठेवा.

फाउंटन पेनचं टोपण आणि बॅरल यांवरून सलग नक्षी न्यायची असेल तर आधी आटे तपासा. बऱ्याच हातच्या पेनांना तीन-सुरुवातीचे आटे असतात, म्हणजे टोपण तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आट्यात शिरतं आणि तीन वेगवेगळ्या जागी बंद होतं. त्यांपैकी एकाच जागी तुमची नक्षी जुळेल. गिऱ्हाईक टोपण लावेल तेव्हा तीनातल्या दोन वेळा वेल तुटलेली दिसेल. एक-सुरुवातीचे आटे असतील तरच अशी सलग नक्षी घ्या. तसे नसतील तर टोपणावर आणि बॅरलवर अशा दोन स्वतंत्र नक्ष्या करा, ज्या कुठल्याही कोनात एकमेकींना शोभतील. पेनची रचना समजून केलेलं असं काम जाणकार लगेच ओळखतात, आणि कारागिरालाही तिथेच तुमच्याबद्दल खात्री वाटते.

कारागिराची सही, शिक्का किंवा क्रमांक जिथे असेल तिथून हात लांब. त्यावर कोरायचं नाही, त्याला झाकायचं नाही आणि त्याच्याशी स्पर्धा करेल असं मोठं काही शेजारी घ्यायचं नाही. तुमची स्वतःची खूण पेनवर घालायची असेल तर परवानगीच्या वेळीच तसं विचारा. माझ्या मते नमुना-पेनवर ती नसलेलीच बरी. नाव फोटोखाली येतंच.

देवनागरी कोरणार असाल तर अक्षराची निवड रोमनपेक्षा काळजीने करावी लागते. पाच मिलिमीटर उंचीत शिरोरेषा, वेलांटी, रफार आणि उकार हे सगळं बसायचं असतं. जाड-बारीक फरक फार असलेला फॉन्ट घेतला तर बारीक फाटा किरणाच्या जाडीपेक्षाही बारीक होतो. घरगुती यंत्राचा ठिपका साधारण ०.१ मिमीचा असतो, तेव्हा फॉन्टची सगळ्यात बारीक रेघ निदान त्याच्या दुप्पट हवी. मजकूर आधी आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडा, जोडाक्षरं नीट बसली का पाहा, मग तो आकृतीत रूपांतरित करून लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. नाहीतर दुसऱ्या संगणकावर वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.

पाचवी पायरी: गोल पृष्ठभागाचा हिशोब

नवख्यांना रोटरीशिवाय, म्हणजे कोरताना पेन फिरवत ठेवणाऱ्या जोडयंत्राशिवाय, पेन कोरता येणार नाही असं वाटतं. लहान मजकुरासाठी तसं नाही. १२ मिमी व्यासाचं बॅरल घ्या. त्याची त्रिज्या ६ मिमी. माथ्यावर ४ मिमी उंचीची अक्षरं कोरलीत, तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २ मिमी जायचं असतं, आणि तिथे पृष्ठभाग माथ्यापेक्षा फक्त ०.३४ मिमी खाली असतो. बहुतेक लेझरच्या फोकसला एवढा फरक जाणवत नाही. अक्षर ताणलं जातं ते जेमतेम दोन टक्के, डोळ्याला कळतही नाही. उंची ६ मिमी केलीत की कडा ०.८ मिमी खाली जाते आणि ताण पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. त्यापुढे कडेची अक्षरं फिकट आणि पसरट दिसायला लागतात. तेव्हा १२ मिमीच्या पेनवर चार-पाच मिलिमीटरपर्यंतची एक ओळ रोटरीविना सहज होते. दोन ओळी, गोलाकार पट्टी किंवा वेलबुट्टी यांना रोटरी हवीच.

पेन न हलता बसायला व्ही आकाराची खाच असलेला लाकडी ठोकळा पुरेसा आहे. खाचेत मऊ कापडाची किंवा फेल्टची पट्टी लावा, म्हणजे पॉलिशला चरे पडणार नाहीत. पेन निमुळतं असेल तर माथ्याची रेषा आडवी करायची असते, तळाची नव्हे. समजा ६० मिमी लांबीत व्यास १२ वरून १० मिमीवर येतो. पेन सपाट पृष्ठभागावर ठेवलं तर बारीक टोकाचा माथा २ मिमी खाली असतो. दोन्ही टोकांना मधल्या अक्षावर धरलं तर १ मिमी. तेवढी फट पातळ कागदाच्या घड्या सरकवून भरा आणि मजकुराच्या दोन्ही टोकांवर फोकस मोजा.

रोटरीचे दोन प्रकार आहेत. रुळांवर पेन फिरवणारी रोटरी सरळ नळीला ठीक, पण पेनसारख्या हलक्या, निमुळत्या आणि गुळगुळीत वस्तू तिच्यावर घसरतात. टोक पकडून फिरवणारी चकची रोटरी पेनसाठी कितीतरी भरवशाची. तिच्यात बॅरलचा व्यास कोरायच्या जागी कॅलिपरने मोजून भरा. १२ मिमीचा परीघ ३७.७ मिमी होतो, पूर्ण वळसा घेणारी नक्षी नेमकी तेवढीच हवी, नाहीतर सांध्याशी फट किंवा दुहेरी रेघ येते. चकच्या जबड्यांत पॉलिश केलेलं बॅरल थेट आवळू नका. आत घट्ट बसणारी लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी वळवून घ्या आणि चकमध्ये ती दांडी धरा.

सहावी पायरी: तुकड्यावर चाचणी

कारागिराकडून पेनबरोबर त्याच ब्लँकचा उरलेला तुकडा मागा. लेथवर ब्लँकची टोकं कापली जातात, त्यांतला एक इंच पुरतो. शक्य असेल तर त्यावर पेनवरचाच लेप देऊन मागा. दुसऱ्या कुठल्या मेपलवर जुळवलेलं सेटिंग या मेपलवर जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका.

तुकड्यावर लहान चौकोनांची जाळी कोरा. एका दिशेने वेग बदलत न्या, दुसऱ्या दिशेने पॉवर. मग भिंग घ्या आणि चौकोनाच्या रंगापेक्षा त्याची कड बघा. चांगल्या चौकोनाची कड तुटक नसते, भोवती पिवळट झळ नसते, लेप उचललेला किंवा फुगलेला नसतो. सगळ्यात गडद चौकोन निवडण्याचा मोह होतो. त्याच्या अलीकडचा, स्वच्छ कडेचा चौकोन निवडा.

खोलीचं भान ठेवा. ७ मिमीच्या पितळी नळीवरच्या बारीक पेनमध्ये टोकांजवळ लाकडाचा थर अर्धा-पाऊण मिलिमीटर एवढाच उरलेला असतो. ०.१ ते ०.२ मिमी खोली नावासाठी भरपूर झाली. रेघांमधलं अंतर ०.१ मिमी ठेवलं, म्हणजे इंचाला २५४ रेघा, तर सुरुवातीला ते योग्य ठरतं. त्याहून दाट रेघांनी उष्णता साठते आणि कडा वितळतात.

सातवी पायरी: प्रत्यक्ष काम

शाईची टाकी, कन्व्हर्टर, रिफिल आणि निब काढून ठेवा. बॅरल सुकं आणि स्वच्छ करा. त्यावर कागदी मास्किंग टेपचा एकच थर लावा, हवेचे बुडबुडे न ठेवता. आता पॉवर इतकी कमी करा की फक्त टेपवर खूण उमटेल, आणि पूर्ण मजकूर एकदा टेपवरच चालवा. पेन हातात घ्या, सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. नाव क्लिपच्या रेषेत आहे का, लाकडाच्या सुंदर गाठीवर येत नाही ना, तिरकं वाटत नाही ना. पटलं नाही तर टेप काढा, नवी लावा. पेनचं काहीही बिघडलेलं नसतं. दुसऱ्याच्या कामावर हात चालवताना ही सवय सोडू नये.

याच टप्प्यावर टेपवरच्या खुणेचा फोटो कारागिराला पाठवा. आराखडा कागदावर वेगळा दिसतो आणि पेनवर वेगळा. “दोन मिलिमीटर मागे घ्या, तिथे बोट येतं” अशी सूचना घडवणाराच देऊ शकतो, कारण ती पकड त्याने विचारपूर्वक घडवलेली असते.

मग खरी पॉवर. हवेचा झोत सुरू, धूर बाहेर नेणारा पंखा सुरू, आणि काम संपेपर्यंत यंत्राजवळून हलायचं नाही. अग्निशामक हाताशी ठेवा. एका जड पासपेक्षा (पास म्हणजे पूर्ण मजकुरावरून किरणाची एक फेरी) दोन हलके पास बरे, पण दोन पासच्या मध्ये पेन जागचं हलता कामा नये.

टेप काढल्यावर काजळी मऊ ब्रशने, कोरड्याने झटका. लाकडावर लेप असेल तर किंचित ओलं कापड चालतं. अॅक्रिलिकला मात्र अल्कोहोल लावू नका. लेझरच्या उष्णतेने त्यात ताण साठलेला असतो आणि अल्कोहोल लागताच कोरलेल्या कडेपासून केसासारख्या भेगा पसरतात. साबणाचं पाणी पुरेसं आहे.

रंग भरायचा असेल तर पाण्यावर आधारित अॅक्रिलिक रंग खाचेत भरून वरचा अर्धवट सुकल्यावर पुसून काढायचा. उघड्या लाकडावर हे करू नका, रंग रेषांत झिरपतो. आधी कोरलेल्या जागी लेपाचा पातळ हात द्या, मग रंग. सायनोअॅक्रिलेटचा लेप कोरल्यामुळे तुटलेला असतो, तिथून घाम आणि ओल आत शिरू शकते. शेवटचा लेप आणि पॉलिश कारागिराकडूनच करून घेता आलं तर उत्तम. ते लेथवर फिरवूनच नीट होतं.

आठवी पायरी: फोटो आणि नाव

कोरीव काम दिसतं ते तिरप्या उजेडात. समोरून लाइट मारला तर चकचकीत बॅरलवर पांढरा पट्टा येतो आणि अक्षर हरवतं. खिडकीचा उजेड एका बाजूने, खालच्या कोनातून घ्या आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा. अक्षराचा जवळचा फोटो काढा, पण संपूर्ण पेनचा फोटो पहिला ठेवा. नुसता अक्षराचा फोटो पेनला निनावी करतो.

ओळ अशी असू द्या: “पेन: अमुक. लेझर कोरीव काम: तमुक.” दोन्ही नावं एकाच आकारात, एकाच ओळीत किंवा एकाखाली एक, आणि शक्यतो घडवणाऱ्याचं आधी. शेवटी, लांबलचक मजकुराच्या तळाशी, “पेनसाठी विशेष आभार” असं लिहिणं पुरत नाही. फोटो लोक उचलून पुढे पाठवतात, मजकूर मागे राहतो, म्हणून फोटोच्या कोपऱ्यातही दोन्ही नावं बारीक अक्षरात घाला. लाकूड किंवा राळेचं नाव, लेपाचा प्रकार, हेही सांगा. पेन बघणाऱ्याला ते जाणून घ्यायचं असतं आणि कारागिराच्या निवडीला त्यातून मान मिळतो.

कारागिराचे स्वतःचे फोटो उचलून त्यांवर संगणकात तुमची नक्षी चिकटवू नका. फोटोचे हक्क फोटो काढणाऱ्याचे असतात, आणि न केलेलं काम केल्यासारखं दाखवणं गिऱ्हाइकाशीही धड नाही. काल्पनिक मांडणी दाखवायचीच असेल तर रेखाचित्र वापरा किंवा स्पष्टपणे ‘आराखडा’ असं लिहा.

नमुन्यावर काय कोरायचं हेही जपून निवडा. प्रसिद्ध कंपन्यांची बोधचिन्हं, खेळाच्या संघांची चिन्हं, सिनेमातली पात्रं परवानगीशिवाय घेऊ नका. एखादं साधं नाव, तारीख, स्वतः काढलेली पानांची वेल, एखादी भूमितीय पट्टी यांतून तुमच्या हाताची स्वच्छता जास्त चांगली दिसते.

ऑर्डर आल्यावर

नमुने चांगले झाले की “हे पेन केवढ्याला?” असा प्रश्न येतोच. उत्तर ठरलेलं ठेवा: पेन या कारागिराचं आहे, त्यांच्याकडे चौकशी करा, कोरीव कामाचा दर माझ्याकडे मिळेल. पेनची किंमत तुम्ही परस्पर सांगू नका. ती साहित्यानुसार बदलते आणि ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. पुढे दोघांनी मिळून काम घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी लिहून ठेवा. पेन कोरताना बिघडलं तर भरपाई कोणाची, नाव चुकीचं कोरलं गेलं तर जबाबदारी कोणाची, आणि कोरल्यानंतर पेनला तडा गेला तर हमी कोणाची. नावाच्या अचूकतेसाठी गिऱ्हाइकाने लेखी दिलेला मजकूरच धरायचा, फोनवर ऐकलेला नाही.

नमुना-पेन तुमच्याकडेच ठेवा, निदान त्याचे फोटो वापरात असेपर्यंत. प्रत्यक्ष भेटीत गिऱ्हाईक ते हातात घेऊन नखाने अक्षराची कड चाचपतं, ती खात्री फोटोतून मिळत नाही. विकायचं ठरलं तर आधी कारागिराला कळवा. काहींना आपलं पेन बदललेल्या रूपात बाजारात जायला नको असतं, ते स्वतःच परत विकत घेतात. आणि कारागिराने पुढे कधी फोटो काढून टाकायला सांगितलं, कारण दिलं किंवा नाही दिलं, तरी ते काढा आणि त्या जागी दुसरा नमुना लावा.